चहा किती, समुद्र किती

समुद्रकाठचं एखादं हॉटेल बंद पडलं की त्याच्यावर मृत्युलेख येतात आणि त्यांत हटकून जेवणाचं कौतुक असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्लिफ हाउस’बद्दलची हळहळ अजून चालूच आहे. बे एरियातली मराठी वस्ती मोठी, त्यामुळे ती आपल्यापर्यंतही पोचते, आणि तिथल्या फुगलेल्या, आतून पोकळ ‘पॉपओव्हर’ पावांचं नाव घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही. या सदराच्या वाचकांना माझा हेका ठाऊक आहे: हॉटेलाची कीर्ती आणि त्याचं स्वयंपाकघर यांचं नातं नेहमी सख्खं नसतं. समुद्रकाठी तर ते फारच लांबचं निघतं.

पहिलं क्लिफ हाउस १८६३चं. त्या जागेवरचं हॉटेल १८९४च्या नाताळात जळालं. अॅडॉल्फ सुत्रो या धनिकानं १८९६मध्ये तिथे महालच उभा केला. तो १९०६च्या भूकंपातून वाचला आणि पुढच्याच वर्षी आगीत गेला. १९०९ची इमारत आजही आहे. १९७७पासून ती नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या ताब्यात. हॉटेल मात्र १९७३पासून एकच कुटुंब चालवत होतं. दीर्घ मुदतीचा करार २०१८मध्ये संपला, पुढे तात्पुरत्या मुदतवाढी मिळाल्या, त्यात कोविड आला, आणि २०२०च्या ३१ डिसेंबरला कारभार आटोपला. नावावर कुटुंबाचा हक्क म्हणून छपरावरची अक्षरंही उतरवली गेली. आतल्या वस्तूंचा नंतर लिलाव झाला, तेव्हा गावातल्या इतिहासप्रेमींनी वर्गणी काढून काही वाचवल्या.

इमारत सरकारची, नाव कुटुंबाचं, मग लोकांचं नेमकं काय गेलं? पाव म्हणावा, तर तो घरीही भाजता येतो. दीडशे वर्षांत इमारती बदलल्या, मालक बदलले, आचारी तर किती बदलले असतील. पण कड्यावरच्या त्या खिडकीपाशी बसायला येणाऱ्यांची रांग हटली नाही. गिऱ्हाईक पैसे देत होतं ते खिडकीचे. बशीतला पदार्थ ही त्या खिडकीची पावती. असलं हॉटेल बंद होतं तेव्हा समुद्रासमोर छपराखाली, खुर्चीत टेकून, थोडक्या पैशांत तासभर बसण्याची सोय जाते, आणि मृत्युलेखात तिचाच उल्लेख नसतो.

आपल्याकडे याचा पुरावा मलबार हिलवर होता. कमला नेहरू पार्कजवळचं ‘नाझ’ खरं तर समुद्राच्या काठावर नव्हतं, समुद्राच्या डोक्यावर होतं. खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची ती दिव्यांची कमान. जागा पालिकेची. पट्टा वाढवून मिळाला नाही आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेही गेलं. नाझच्या गच्च्या एकावर एक होत्या, आणि जसजसं वर चढावं तसतसा तोच चहा महाग होत जाई. याला कुणी लूट म्हणेल. मला ते मुंबईतलं सर्वांत प्रामाणिक दरपत्रक वाटतं. वरच्या गच्चीच्या चहातून खालच्या गच्चीचा चहा वजा करा, उरेल ती समुद्राची किंमत. समुद्रदर्शनी फ्लॅट विकणाऱ्या एखाद्या बिल्डरनं हा हिशेब इतका उघड मांडल्याचं ऐकिवात नाही. तिथे भिंती किती रुपयांच्या आणि भरती-ओहोटी किती रुपयांची, हे खरेदीखतातून कळायची सोय नाही. शिवाय नाझला खालची गच्ची होती. खिसा हलका असला तर माणूस खाली बसे, पण बसे. आज समुद्राकडे तोंड करून असलेल्या बहुतेक हॉटेलांत वरचीच गच्ची उरली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मरीन ड्राइव्हचा कट्टा फुकट आहे, तिथे बसा की. बसावं, जरूर. पण कट्ट्याला पाठ नाही, छप्पर नाही आणि शेजारी स्वच्छतागृह असेलच याची खात्री नाही. मे महिन्याच्या दुपारी किंवा आषाढातल्या सरींत तिथे प्रेमिक टिकतात, गुडघे दुखणारी माणसं टिकत नाहीत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जागा जनतेची, तर तिचं भाडं बाजारभावानं यायला हवं. एकाच कुटुंबानं ती पिढ्यान्‌पिढ्या का वापरावी? मान्य. मुदत संपली की निविदा निघालीच पाहिजे. आठवणींच्या जोरावर कुणाला पट्टा वाढवून द्यायचा नसतो. पण निविदेत सर्वांत मोठा आकडा भरणारा जिंकला, तर तो आकडा ताटातूनच वसूल करणार आणि सर्वांत आधी खालची गच्ची मोडणार. तिजोरीत चार पैसे जास्त येतील. ज्याच्या नावानं ते गोळा केले तो मात्र बाहेर, फुटपाथवर. म्हणून भाड्याच्या आकड्याइतकंच वजन निविदेत सर्वांत स्वस्त खुर्चीच्या दरालाही असावं, एवढंच माझं म्हणणं. हे अशक्य नाही. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकचं वाटप सोडतीनं होतं आणि पावसाळ्याआधी ते उतरवावे लागतात. लोकांच्या वाळूवर धंदा करणाऱ्याला अटी घालता येतात, हे तिथलं सरकार जाणतं.

सरकारी दराचा चहा सरकारी चवीचाच निघेल, असं कुणी म्हणेल. निघू दे. नाझच्या वरच्या गच्चीवर जास्त पैसे मोजणाऱ्यालाही चहा खालच्याच किटलीतला मिळत होता.