तटस्थ नौकांचा प्रश्न

नोव्हेंबर २००८ मध्ये दहा दहशतवादी मुंबईजवळ आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून. त्यानंतर ‘सागर कवच’ आणि २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ हे सराव होऊ लागले. त्यांत लाल पक्ष, अनेकदा मासेमारी नौकेतूनच, किनारा गाठू पाहतो. निळा पक्ष त्यास अडवितो. मग मीरा-भाईंदरमधील उत्तन, पाली, चौक येथील कोळ्यांच्या नौका कोणत्या पक्षाच्या?

सरावाची आखणी करणाऱ्यांनी त्यांना निव्वळ गर्दी समजू नये. बोंबलाचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. झडतीत वेळ गेला की ती ओहोटी हातची गेली. लाल नौका निसटली तर निळ्याचे अपयश सर्वांना दिसते. निरपराध नौका अडकली, तर ते अपयश कोणाच्या खाती मांडावयाचे? ते निळ्याच्याच खाती मांडले पाहिजे. २०१२ साली केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या जहाजावरील इटालियन नौसैनिकांनी चाचे असल्याच्या समजुतीने दोन भारतीय मच्छीमारांना ठार केले, हे विसरून चालणार नाही.

शिवाय तटस्थ म्हणजे आंधळा नव्हे. २००८ साली बधवार पार्कजवळ ती टोळी उतरताना पाहिली होती ती कोळीवाड्यातील माणसांनीच.