सावकाश होऊ द्या

खेळांचे प्रकार किती? मैदानी आणि बैठे, असे उत्तर शाळेत शिकवितात. मला मात्र निराळाच भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. काही खेळ आपल्यासाठी थांबतात, काही थांबत नाहीत. क्रिकेटचा चेंडू तुमचा विचार पुरा होईपर्यंत हवेत तरंगत राहत नाही. आणि खो-खोत ‘खो’ मिळाल्यावर ‘जरा विचार करतो’ असे म्हणणाऱ्याला संघातून नारळच मिळायचा! उलट सारीपाट, पत्ते, बुद्धिबळ हे सारे सभ्य खेळ. त्यांत प्रत्येकाची पाळी येते आणि ती पुरी होईस्तोवर बाकीची मंडळी निमूट बसून राहतात. (निमूट म्हणजे काय, हे दिवाळीच्या सुट्टीत घरी रमीचा डाव मांडणाऱ्यांना मी सांगायला नको.)

संगणकावरच्या खेळांतही हाच भेद आहे, हे फार थोड्या आईवडिलांना ठाऊक असते. त्यांच्या लेखी पडद्यावरचे सगळे खेळ सारखेच. चिरंजीव खेळताना दिसले की ‘ठेव ते आधी!’ एवढे एकच वाक्य घराघरांतून ऐकू येते. तेच गृहस्थ बुद्धिबळाला मात्र नमस्कार करतात. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांनीच पेढे वाटले. पण बुद्धिबळाची काही भाचरे-पुतणी संगणकात राहायला गेली आहेत, आणि स्वभावाने ती आपल्या घराण्यावरच गेली आहेत, हे त्यांना सांगायचे कोणी? म्हणून आजच्या सदरात मीच ते काम अंगावर घेतो. माझे त्या घराण्याशी जुने ऋणानुबंध आहेत.

लहानपणी मी हळू होतो. हळू म्हणजे मंद नव्हे. पण हा फरक समजून घेण्याइतका वेळ तेव्हा कोणालाच नव्हता. ‘सतरा नवे किती?’ असा प्रश्न वर्गात आला की उत्तर मला येत असे. परंतु ते ओठांवर पोचेपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असे. मैदानावर तीच तऱ्हा. मुलांनी माझे नाव ‘मालगाडी’ ठेवले होते. मालगाडीचे दुःख असे की ती पोचते, पण तिची वाट पाहत फलाटावर कोणी उभे नसते.

१९९४ च्या दिवाळीत आम्ही नाशिकला मामांकडे गेलो होतो. मामांचा टंकलेखनाचा वर्ग होता. सुट्टीमुळे सगळी यंत्रे कापडी झबली घालून झोपली होती. कोपऱ्यात मामांनी नुकताच घेतलेला संगणक होता आणि कोणा विद्यार्थ्याने त्यात एक खेळ ठेवून दिला होता. त्याचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या रचनाकाराचा हा खेळ १९९१ साली मायक्रोप्रोज कंपनीने अमेरिकेत प्रसिद्ध केला होता.

खेळ सुरू होतो इसवी सनापूर्वी ४००० मध्ये. तुमच्यापाशी असते एक भटकी जमात, आणि सभोवार काळोख. जमात एक घर पुढे सरकली की तेवढाच नकाशा उजळतो. गाव वसवायचे कोठे? नदीकाठी पीक चांगले येते, डोंगराकडे खनिज मिळते. बरे, गाव वसले. आता आधी कुंभारकाम शिकायचे की मुळाक्षरे? मुळाक्षरे आली तरच लेखन येणार, लेखन आले तरच ग्रंथालय बांधता येणार. (मराठीच्या प्राध्यापकाला हा क्रम आजही बिनतोड वाटतो.) शेजारच्या राजाशी तह करायचा की तटबंदी उभारायची? असे करीत करीत सहा हजार वर्षे लोटतात आणि सारे नीट जमले तर तुमची माणसे यानात बसून अल्फा सेंटॉरीकडे, म्हणजे मराठी पुस्तकांतल्या मित्र ताऱ्याकडे, निघतात.

पण मला वेड लावले ते या पसाऱ्याने नव्हे. मला वेड लावले ते त्या खेळाच्या सौजन्याने. मी विचार करीत बसलो की तोही बसून राही. मी चकली खाऊन आलो, विहिरीवर जाऊन आलो, तरी माझी जमात जागच्या जागी लुकलुकत उभी! पंगतीत यजमान वाकून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात ना, तसेच ते यंत्र मला म्हणत आहे असे वाटे. असे मला तोवर कोणीही म्हटले नव्हते.

पुढे कळले की हे सौजन्य जन्मजात नव्हते. मायर यांनी प्रथम हा खेळ सतत धावणारा केला होता. गावे आपली आपण वाढत आणि खेळणाऱ्याने नुसते पाहत बसायचे. ते त्यांना रुचेना. मग त्यांनी धावते घड्याळ थांबविले आणि आळीपाळीची जुनी रीत आणली. त्याबरोबर पाहणाऱ्याचा करणारा झाला. पटावरच्या खेळांनी शेकडो वर्षे जपलेले शहाणपण असे यंत्रातही उतरले.

आजोबा त्या सुट्टीत माझ्यामागे आरामखुर्ची टाकून बसत. ते बुद्धिबळाचे शौकीन. एका प्याद्यासाठी चहा थंड करणारे! दोन दिवस त्यांनी नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अरे, हे बुद्धिबळच की! फक्त पटाचा काठ दिसत नाही, एवढेच.” आणि मग त्यांनी विचारले, “घोडदळ इकडे का नेलेस?” मी थांबलो. ते थांबले. खेळ तर थांबलेलाच होता. बऱ्याच वेळाने मी सांगितले की खिंडीत दोनच गावे आहेत, पण खिंड आपली झाली तर तटबंदीचा खर्च वाचेल आणि त्या पैशात ग्रंथालय होईल. आजोबा काही बोलले नाहीत. रात्री पानावर बसल्यावर मात्र आईला म्हणाले, “तुझा मुलगा हळू नाही गं. तो जरा लांबचे बघतो, म्हणून वेळ लागतो.”

आईने वाढता वाढता माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते ते मला तेव्हा सांगता आले नसते. मात्र आमच्या घरात ‘आटप लवकर’ हे शब्द त्यानंतर बरेच कमी झाले.

पुढे १९९७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला आणि सायबर कॅफेतली मुले त्यावर तुटून पडली. राज्ये त्यातही होती, पण ती क्षणभर थांबत नसत. ज्याचे बोट चपळ त्याचे साम्राज्य मोठे. मी माझ्या थांबणाऱ्या खेळांकडेच राहिलो. १९९९ चा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग तर आम्ही मावसभावंडे एकाच संगणकापुढे, एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून खेळत असू. एकाने उठायचे, दुसऱ्याने बसायचे. भांडणे झाली, पण दुसऱ्याची खेळी पुरी होऊ देण्याची सवयही लागली.

या खेळांना एक खोड आहे, तीही सांगितली पाहिजे. ‘आणखी एकच खेळी’ हा त्यांचा मोहमंत्र. ते जसे तुमच्यासाठी थांबतात, तसे ते तुम्हांला ‘आता झोपा’ असे कधीच म्हणत नाहीत. त्यासाठी घरात आईच लागते. तेव्हा परवान्याची माझी मागणी नाही. फक्त निवाड्यापूर्वी आरोपी नीट ओळखावा, एवढीच विनंती आहे.

आता मी शिकवतो. वर्गात प्रश्न विचारल्यावर चार हात झटकन वर होतात. मी त्यांना थांबवतो आणि स्वतःही थांबतो. शांतता पसरते, काहींना ती अवघड वाटते. गेल्या वर्षी अशाच एका शांततेनंतर, कधी न बोलणारी एक विद्यार्थिनी उठली आणि तिने कथेतल्या म्हातारीच्या अबोल्याचे असे कारण सांगितले की ते माझ्याही टिपणांत नव्हते. ती बसली तेव्हा वर्ग तिच्याकडे पाहत होता. मालगाडी पोचली होती, आणि फलाटावर माणसे होती.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी कोणी पडद्यापुढे बसलेले दिसले, तर ओरडण्यापूर्वी क्षणभर पाहा. खेळ धावतो आहे की थांबला आहे? थांबला असेल तर एक खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, “ही खेळी का केलीस?” उत्तर यायला वेळ लागेल.

लागू द्या.