‘टेन्शन’ : एका शब्दाखाली बुजलेल्या अर्थच्छटा

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. शब्द आणि अर्थ यांच्या सहभावाला ‘साहित्य’ म्हणावयाचे असेल, तर या कथेने वाशीमला दिलेला मान थोडाथोडका नव्हे. त्याच वाशीम जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्यात आज एक इंग्रजी शब्द असा रुळला आहे की, त्याच्या बाबतीत हा सहभाव फारच सैल झाल्याचे जाणवते. तो शब्द म्हणजे ‘टेन्शन’. परीक्षेचे टेन्शन, सोयाबीनच्या भावाचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन, बँकेच्या नोटिशीचे टेन्शन. आणि गाडी पंक्चर झाली तरी टेन्शनच.

येथे प्रश्न भाषाशुद्धीचा नाही. तो वाद माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या ग्रंथाच्या काळापासून पुरेसा चघळला गेला आहे. ‘फिकीर’ आणि ‘तगादा’ हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. त्यांनी मराठीत भर घातली. तेव्हा परका शब्द कोठून आला यापेक्षा तो आल्यावर भाषेत एक छटा वाढली की दहा पुसल्या गेल्या, हे पाहावयास हवे. आणि ‘टेन्शन’ तर अगदीच परका नाही. ज्या लॅटिन धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ ओढणे, ताणणे असा असून संस्कृतातील ‘तन्’ हा धातू त्याचाच सगोत्र आहे. मराठीतील ‘ताण’ हा शब्द ‘टेन्शन’चा चुलतभाऊच ठरतो. गंमत अशी की, हा भाऊ घरात असताना लोकांनी पाहुण्याला जवळ केले आणि भावाला ‘ताणतणाव’ असे दुहेरी नाव देऊन व्याख्यानांत बसविले.

आता ‘टेन्शन’ने ज्यांची जागा घेतली ते शब्द पाहावेत. चिंता, काळजी, घोर, विवंचना, धास्ती, धसका, धाकधूक, हुरहूर, रुखरुख, घालमेल, हाय. पर्यायशब्दांच्या यादीत हे एका ओळीत बसतात. वस्तुतः यांतील कोणतेही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रुखरुख मागे पाहते : जे करावयाचे राहून गेले त्याची ती बोच. धास्ती पुढे पाहते. धाकधूक निकालाच्या दारापाशी उभी असते आणि निकाल लागताच संपते. हुरहुरीला नेमके कारण सांगता येत नाही. विवंचनेला मात्र कारणाबरोबर हिशेबही असतो. बियाण्याचे पैसे कोठून आणावयाचे, जुन्या देण्यातले किती फेडावयाचे, कोणाकडे शब्द टाकावयाचा, असे मन सारखे मांडत आणि मोडत राहते ती विवंचना. घोर मात्र मांडणी करू देत नाही. तो जिवाला लागतो आणि लागूनच राहतो. ‘हाय खाणे’ हे या साऱ्यांच्या पलीकडचे. तेथे भीती संपलेली असते, कारण ज्याची भीती होती ते घडून गेलेले असते किंवा घडणारच असे मनाने धरलेले असते. ‘त्याने हाय खाल्ली’ हे शब्द कानी पडले की गावातली जाणती माणसे त्या घराकडे एक फेरी मारून येतात. ‘त्याला टेन्शन आहे’ हे ऐकून कोणी उठत नाही.

क्रियापदांकडे लक्ष दिले तर फरक अधिक उघड होतो. काळजी वाटते, लागते, करता येते. आणि दुसऱ्याची घेताही येते. चिंता आणि जिव्हाळा एकाच शब्दात नांदावेत, ही मराठीची मोठी मिळकत होय. घोर लागतो, धसका बसतो : येथे माणूस सोसणारा आहे. टेन्शन मात्र प्रामुख्याने ‘घेतले’ जाते, आणि ते स्वतःचेच घेतले जाते. म्हणून ‘टेन्शन घेऊ नको’ या सांत्वनात नकळत एक ठपका येतो : घेणारा तूच आहेस, तर ठेवून दे. ‘काळजी करू नको’ या वाक्यापुढे ‘आम्ही आहोत ना’ हे शब्द सहज येतात. ‘टेन्शन घेऊ नको’ हे तेथेच संपते.

वऱ्हाडीने या प्रांतात एक वेगळीच गोष्ट केली आहे. ळकाराचा यकार करण्याच्या तिच्या रीतीप्रमाणे काळजीची ‘कायजी’ होते, हे सर्वज्ञात आहे. त्याहून लक्षणीय आहे तो ‘इचार’. ‘थो लय इचार करते’ असे वऱ्हाडी माणूस म्हणतो, तेव्हा तो त्या गृहस्थाच्या चिंतनशीलतेची स्तुती करीत नसतो. त्याला कशाने तरी पोखरले आहे असे सांगत असतो. संस्कृत ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे. त्यातून चिंता आली. अरबी ‘फिक्र’चा मूळ अर्थही विचार; त्यातून फिकीर आली. जो प्रवास या दोन भाषांतील शब्दांनी केला, तोच वऱ्हाडीने आपल्या ‘इचारा’कडून स्वतंत्रपणे करविला. विचार थांबेनासा झाला की तोच व्यथा होतो, हे ज्ञान त्या एका शब्दात साठलेले आहे, आणि ते कोणा मानसशास्त्रज्ञाकडून उसने घेतलेले नाही.

‘टेन्शन’च्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावयास हवी. ‘मला भीती वाटते’ हे बोलणे गावातील कर्त्या पुरुषाला कमीपणाचे वाटते. ‘टेन्शन आहे’ असे तो चारचौघांत म्हणू शकतो. शब्दाची अस्पष्टता हीच येथे ओसरी झाली. निदान ओठ तरी उघडले. तथापि ओसरीवरून घरात शिरावयाचे तर पुढचा शब्द लागतो, आणि तो नसेल तर बोलणे तेथेच थांबते.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजमधील विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. त्याच वर्षीच्या २३ जानेवारीच्या शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मदत देण्यासाठी ज्या कसोट्या ठरविल्या, त्या नापिकी, बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे न फिटलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा या शब्दांत आहेत. तगादा या शब्दात तगादा लावणारा कोणी तरी गृहीतच असतो. घोर लागला म्हटले की ‘कशाचा?’ असा प्रश्न आपसूक येतो. पण ‘ते टेन्शनमध्ये होते’ एवढेच घरच्यांच्या जबाबात उतरले, तर दारावर येणारा माणूसही त्यातून नाहीसा होतो आणि करपलेले शेतही. उरतो तो केवळ मृताचा स्वभाव. मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या बाईचे दुःख तर जबाबाच्या कागदावर येण्याआधीच एकदा भाषांतरित झालेले असते. दुसऱ्या भाषांतरात ते ‘टेन्शन’ झाले की मूळ शब्दाकडे परतण्याची वाट उरत नाही.

मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये जो मराठी-इंग्रजी कोश दिला, त्याचे बळ बोलत्या माणसांच्या तोंडून शब्द गोळा करण्यात होते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त वऱ्हाडी, नागपुरी अशा खुणांनी प्रांतिक शब्द नोंदले गेले. त्यानंतर विद्यापीठीय विभागांत बोलींवर प्रबंध पुष्कळ झाले. परंतु त्यांचा भर ध्वनी आणि प्रत्यय यांवर अधिक, अर्थच्छटांवर कमी. ‘कायजी’तील यकार नोंदून अभ्यासक पुढे जातो, कायजी आणि घोर यांत बोलणारा काय फरक करतो, हे विचारावयाचे राहून जाते.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके एखाद्या विभागाच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. मात्र ‘टेन्शनला तुमच्याकडे काय म्हणतात?’ अशी प्रश्नावली घेऊन तेथे जाण्यात अर्थ नाही; तिचे उत्तर ‘टेन्शन’ असेच येईल. पेरणी झाली, तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तेव्हा घरातली म्हातारी सुनेशी काय बोलते. मुलगा पुण्याला कामाला गेला आणि त्याचा फोन आला नाही, त्या रात्री कोणता शब्द निघतो. माल विकून आल्यावर पट्टीवरचा आकडा पाहून बाप काय म्हणतो, हे विचारावयास हवे. आणि मिळालेला शब्द त्याच्या क्रियापदासह, आहे त्या उच्चारात उतरून घ्यावयास हवा.