मते मोजा, पण आधी माल तोला

आज पिकावरच्या किडीचा किंवा खताचा विषय नाही. आज विषय आहे चढाओढीचा.

शहरांतून हल्ली एक वेगळी स्पर्धा रंगते. नव्या कल्पनेवर धंदा उभा करणाऱ्या तरुणांना स्टार्टअपवाले म्हणतात. निरनिराळ्या शहरांतली ही मंडळी एकमेकांशी गमतीची लढत लावतात. आमच्या गावची नवउद्योजक मंडळी भारी की तुमच्या, असा सवाल टाकायचा, लोकांनी मोबाईलवर मत द्यायचे आणि ज्या गावाला मते जास्त ते गाव पहिले. त्यात भांडण नाही, वैर नाही. हरलेले जिंकलेल्यांना चहा पाजतात.

हे वारे आपल्याकडेही आले आहे. २०२२ साली राज्याच्या नाविन्यता सोसायटीने महाराष्ट्र स्टार्टअप यात्रा काढली होती. तालुक्यातालुक्यांत जाऊन नव्या धंद्याच्या कल्पना मागवल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचे सादरीकरण घेतले. तेव्हापासून खेड्यातल्या पोरांच्या तोंडीही हा शब्द बसला. परवा आपटा स्टेशनाबाहेर चहा घेताना चार-पाच तरुणांनी मला गाठले. म्हणाले, आपटा, गुळसुंदे, तुराडे, साई, केळवणे अशा आपल्या पाच गावांत काहीजण नवे काही करू बघतायत. कोणी वालाच्या शेंगा थेट पनवेलच्या सोसायट्यांत पोहोचवतो, कुठे बचत गट तांदळाच्या भाकऱ्या आणि पापड करतो, कुणाची रोपवाटिका आहे. यांची अशी मतांची स्पर्धा लावली तर?

कल्पना मला आवडली. तोच बाकावरचा एकजण म्हणाला, "सायेब, मतां घ्यायची तं आमचा गाव पयला येनार. आमची वस्तीच मोठी." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्याचे म्हणणे खरेच आहे. मताने गाव किती मोठे, कोणाची ओळख किती, कोणाच्या हातात मोबाईल किती, एवढे कळते. माल कसा आहे ते कळत नाही. पनवेल महापालिका २०१६ साली झाली. तिच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांवर माणसे होती. उद्या पनवेल विरुद्ध आपटा असे मतदान लावले, तर आपट्यातल्या पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांची बोटे दाबून घेतली तरी आपण कुठे पुरणार?

आणि उलटेही होऊ शकते. नुसत्या नावावर मते मागितली तर आमचे आपटा पाच गावांत सहज पुढे जाईल, कारण १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या सिनेमाचा शेवटचा गाडीचा प्रसंग आपल्याच स्टेशनवर काढलेला आहे. लोक अजून फलाटावर फोटो काढायला येतात. पण मला सांगा, फोटो काढून माघारी जाणाऱ्या त्या माणसाच्या पिशवीत आपट्यातली काय वस्तू जाते? वालाची एक जुडी जात नाही. नाव झाले म्हणजे धंदा झाला, असे नाही.

मतांच्या स्पर्धा आपण पाहिल्या आहेत. २००७ साली जगातली सात नवी आश्चर्ये निवडायला जगभर मतदान झाले. ताजमहालासाठी आपल्याकडे गावोगाव एसएमएस केले गेले आणि ताज त्या सातांत आला. त्या वेळी युनेस्कोने स्पष्ट सांगितले होते की हा कौल साऱ्या जगाचा नव्हे, ज्यांच्या हातात इंटरनेट आहे त्यांच्यापुरता आहे. पुढे २०१३ मध्ये एका मराठी वृत्तवाहिनीने महाराष्ट्राची सात आश्चर्ये मतांनी निवडली, त्यात आपला रायगड होता. आनंद झालाच. पण मते पडली म्हणून रायगड मोठा झाला नाही आणि पडली नसती तर लहानही झाला नसता. गडकोटांचे ठीक आहे, त्यांना मताची गरज नाही. नुकताच धंद्याला लागलेल्या पोराचे तसे नसते. त्याला एका हारीत घरी बसावेसे वाटते.

एका रानभाजी प्रदर्शनातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव नको. उत्तम स्टॉल कोणता हे लोकांनी चिठ्ठी टाकून ठरवायचे होते. एक ठाकर बाई करटोली, भारंगी, कुर्डू घेऊन पहाटे डोंगर उतरून आली होती. भाजी निवडून, पानांत बांधून, कोणती कशी करायची ते तोंडी सांगत विकत होती. अकराच्या आत तिची पाटी रिकामी झाली. घेणारे पुन्हा विचारत होते, आणखी कधी येणार? दुपारी एका मोठ्या गावातून टेंपो भरून माणसे आली, चिठ्ठ्या टाकून, वडापाव खाऊन गेली. पहिला नंबर कोणाला मिळाला ते सांगायला नको. बाई शेवटून दुसरी आली. पुढच्या वर्षी मी तिला निरोप पाठवला, तेव्हा उत्तर आले की भाजी विकायला बाजार आहे, नंबर घ्यायला कशाला येऊ? ती त्यानंतर आली नाही. त्या दिवशी पेटीजवळ मीही उभा होतो आणि नियम तसाच आहे म्हणून गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

म्हणजे मग स्पर्धाच नको, असे मी म्हणत नाही. स्पर्धेने गाव हलते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनने वॉटर कप सुरू केला तेव्हा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके आणि ११६ गावे होती. दुष्काळी भागापुरती ती स्पर्धा, म्हणून आपल्याकडे आली नाही. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले आणि त्यांनी ५० लाखांचे बक्षीस घेतले. मला मात्र दुसऱ्या वर्षाची, २०१७ ची गोष्ट जास्त भावते. त्या वर्षी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातले काकडदरा पहिले आले. कोलाम आदिवासींची लहानशी वस्ती. मतदान घेतले असते तर काकडदऱ्याला कोणी विचारले असते का? तिथे मते नव्हती. तिथे चर किती खणले, किती घनमीटर काम झाले, किती पाणी साठेल, याचे माप होते, आणि श्रमदानाचे उद्दिष्ट गावातल्या डोक्यांच्या हिशेबाने ठरत होते. शंभर घरांच्या वाडीला हजार घरांच्या गावाशी झुंजता आले ते त्यामुळे.

मत आणि माप यांतला फरक २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये आणखी साफ दिसला. शंभरातले ३० गुण प्रत्यक्ष पाहणीला, ३५ लोकांच्या मताला आणि ३५ कामाच्या प्रगतीला होते. त्या ऑगस्टमध्ये गावोगावच्या कर्मचाऱ्यांनी लोकांचे मोबाईल हातात घेऊन अभिप्राय भरून घेतले, हे आपल्याला आठवत असेल. निकाल लागला तेव्हा देशात पहिला जिल्हा सातारा ठरला. लोकांचा सर्वाधिक सहभाग म्हणून नाशिक आणि सोलापूर या आपल्याच जिल्ह्यांचा वेगळा सत्कार झाला. साताऱ्याच्या गुणांतही लोकांच्या मताचा वाटा होताच, पण शेकडा ३५ चा. सहभागाचा मान वेगळा आणि पहिला नंबर वेगळा, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

आमच्या खात्याची पीक स्पर्धा तर मतावर अजिबात चालत नाही. भाताचा प्लॉट लावलेल्या शेतकऱ्याच्या शेतात समिती जाते, ठरवून दिलेल्या तुकड्यातले पीक समोर कापते, झोडते, तोलते. तिथे कोणाचा पुतण्या, कोणाचा पक्ष, काही चालत नाही. काटा जे सांगेल ते. खरे सांगायचे तर ही स्पर्धा जरा कोरडी आहे. गावाला तिचा पत्ताही लागत नाही. बक्षीस घेणारा तालुक्याला जाऊन येतो आणि शेजाऱ्याला महिन्याने कळते की याने अमुक वाण लावले होते. माप आहे, पण जत्रा नाही. मतांच्या स्पर्धेत जत्रा असते आणि माप नसते.

या दोहोंची गाठ घालता येईल का, हा माझा आजचा मुद्दा. त्यासाठी एक लांबचे उदाहरण देतो. युरोपातल्या देशांची एक गाण्यांची स्पर्धा १९५६ पासून दरवर्षी भरते. त्यात १९५७ पासून नियम आहे की कोणत्याही देशाने आपल्या स्वतःच्या गाण्याला मत द्यायचे नाही. आता तिथे लोक फोनवरून मते देतात, तरी हा नियम टिकून आहे. शेजारी शेजाऱ्याला ओढतो अशी तक्रार तिथेही होते, माणूस सगळीकडे सारखाच. पण निदान लोकांना दुसऱ्याचे गाणे ऐकावे तरी लागते.

हाच नियम आपल्या पाच गावांना लावून बघा. आपट्याच्या माणसाने आपट्याला मत द्यायचे नाही. त्याने गुळसुंद्याला जावे, तुराड्याला जावे, तिथला माल पाहावा, चाखावा, विकत घ्यावा आणि मग मत द्यावे. मग वस्ती मोठी असण्याचा फायदा राहत नाही. उलट मोठ्या गावाला लहान गावाच्या लोकांची मर्जी सांभाळावी लागते. शिवाय मत मोबाईलवर नको, वस्तू घेतल्याच्या चिठ्ठीवर हवे. वीस रुपयांची जुडी घ्या, पावतीच्या पाठीमागे मत लिहा आणि पेटीत टाका. एका माणसाला एकच मत. टेंपो भरून आलेल्यांनीही वस्तू विकत घेतल्याच तर त्यात विकणाऱ्याचे भलेच आहे.

पण एवढ्यावर करंडक देऊ नये. मतांना शंभरातले तीस-पस्तीस गुण पुरेत. उरलेले वहीला द्यावेत. ज्याने धंदा मांडलाय त्याने तीन महिन्यांची साधी वही ठेवावी. किती माल घेतला वा पिकवला, किती विकला, किती उरला-सडला, खर्च किती, हातात काय पडले. आणि एक रकाना जास्त, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: तेच गिऱ्हाईक पुन्हा किती वेळा आले. त्या ठाकर बाईकडे हा रकाना असता तर ती पहिली आली असती. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या तोंडी अजून जो ग्रामसेवकच आहे त्याने, किंवा शाळेतल्या एखाद्या पोरीने तिची वही लिहावी. नियमातच तसे घालावे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? कारण सांगतो. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्याच्या किती आधीपासून आपल्या भागात जमिनीचे दलाल फिरतायत ते तुम्हाला माहीत आहे. भात काढले की मागे वाल टाकायचा, हा आपला जुना क्रम. आता कितीतरी बांध ओलांडून गेले तरी वाल दिसत नाही, जमीन ओसाड पडलेली असते. पडीक जमिनीला विकत घेणारा लवकर सापडतो. पोरगा म्हणतो, शेतीत काय आहे? बाप त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यानेही हिशेब कधी मांडलेला नसतो. जर पाच गावांतली दहा-बारा पोरे वह्या घेऊन उभी राहिली आणि त्यांतल्या चौघांच्या वहीत चार पैसे उरलेले दिसले, तर तो विषय घराघरांत निघेल. आणि पैसे उरले नाहीत तर तेही उघड कळेल. त्याचीही लाज वाटायला नको.

तयारीचे अजून एक निमित्त आहे. पाणी फाउंडेशनचा फार्मर कप २०२२ पासून शेतकरी गटांसाठी चालू झाला. मार्च २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो पुढील वर्षापासून साऱ्या महाराष्ट्रात नेण्याचे जाहीर केले. तिथे गटाने एकत्र काम, नोंदी आणि खर्चाची बचत लागते. आपल्याकडे सावड अजून पुरती मोडलेली नाही. घरच्या घरी एक लहान स्पर्धा करून पाहिलेला गट अशा मोठ्या मैदानात गांगरणार नाही.

राजकारणाचे काय, असे एका सरपंचांनी विचारले. रास्त शंका आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे गट पडतात ते पुढची पाच वर्षे विहिरीवरही बोलत नाहीत. म्हणून बक्षीस रोख रकमेचे नको आणि ते पुढाऱ्याच्या नावाचेही नको. पाच गावांनी वर्गणी काढून एखादे कामाचे अवजार घ्यावे, ते जिंकणाऱ्या गावात वर्षभर राहावे आणि पाचही गावांनी भाड्याविना वापरावे. पुढच्या वर्षी ते दुसरीकडे जाईल. पंच बाहेरचे असावेत.

वेळ कोणती, तर वालाच्या शेंगा भरतात तेव्हा. पोपटी लावायचे दिवस, शहरातला पाहुणाही त्याच दिवसांत येतो. म्हणजे नावनोंदणी दसऱ्याच्या सुमाराला, वही त्यानंतर तीन महिने आणि जत्रा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. जागा आपटा स्टेशनाजवळची सोयीची पडेल, रोह्याकडची आणि दिव्याकडची गाडी तिथेच थांबते, फोटोवालेही तिथेच येतात. ज्या सरपंचांना हे पटेल त्यांनी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय घालावा आणि ठरावाची एक प्रत पंचायत समितीच्या कृषी विभागात द्यावी. वहीचे रकाने आखून मी देतो. तोलायला काटा मात्र शिक्क्याचा लागेल, त्या वर्षीचा वैधमापनचा शिक्का मारलेला. घरचा जुना तराजू चालणार नाही.