इंग्रजी बोलावी, पण मान वर करून

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की सातपुड्याच्या कुशीत मोलगी लागते. आमचूर, मोहफुले, चारोळी, भगर आणि मिरची यांची ही बाजारपेठ. बाजारात आईबरोबर बसलेला बारा वर्षांचा मुलगा घरची भिली बोलतो, शाळेत मराठी बोलतो आणि सीमेपलीकडून आलेल्या व्यापाऱ्याशी मोडक्यातोडक्या गुजराती-हिंदीत भावही ठरवतो. त्याला कोणी बहुभाषक म्हणत नाही आणि त्यालाही तसे कधी वाटत नाही. हाच मुलगा बारावीनंतर नाशिक-पुण्याच्या महाविद्यालयात जातो आणि इंग्रजीच्या चार वाक्यांपुढे त्याची वाचा बसते. पहिल्या प्रश्नाला वर्गातून हसू उमटते, म्हणून दुसरा प्रश्न तो विचारीतच नाही. या मौनाची किंमत फार मोठी आहे, कारण न विचारलेला प्रश्न हे न झालेले शिक्षण असते.

या मौनाचे कारण बुद्धीत शोधू नये, शिक्षणाच्या क्रमात शोधावे. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जनजातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे आणि देशात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हा मराठी घरातल्या मुलाला ती दुसरी भाषा झाली. सातपुड्यातल्या मुलाला मात्र शाळेतली मराठीच नवी असते. एक अनोळखी भाषा दुसऱ्या अनोळखी भाषेच्या आधाराने शिकण्याचा द्राविडी प्राणायाम त्याच्या वाट्याला येतो. त्यातही ती भाषा फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळतात, पण तोंड उघडायची वेळच येत नाही. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही, तसे बोलणे मार्गदर्शिकेतून येत नाही.

यावर शहरांतून सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘उच्चार सुधारा’. त्याचा खरा अर्थ असतो साहेबासारखे बोला. हा उपायच चुकीचा आहे. ऐकणाऱ्याला समजणे ही गरज आहे, विलायती सूर ही हौस आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील ध्वनितज्ज्ञ आर. के. बन्सल यांनी भारतीयांच्या इंग्रजीचा सुबोधपणा तपासणारा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. इतर देशांतील श्रोत्यांना आपले बोलणे न कळण्याचे एक प्रमुख कारण त्यात आढळले ते शब्दांतील आघाताची चूक. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. मराठीत सगळी अक्षरे जवळपास सारख्या वजनाने उच्चारली जातात, म्हणून हा फरक कानाला जाणवत नाही आणि तोंडातही येत नाही. तो शिकवावा लागतो आणि शिकवला तर येतो.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. ‘लिव्ह’ म्हणजे राहणे, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे. एखाद्या मुलाला सांगायचे असते, मी मोलगीत राहतो. ऐकणाऱ्याच्या कानी पडते, मी मोलगी सोडतो. तिसरी गोष्ट ‘व’ आणि ‘व्ह’ यांची. ‘वेट’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, ‘व्हेट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. हा भेद मराठी लेखनाने केव्हाच ओळखला आहे, तो फक्त ओठांवर आणायचा आहे. ‘जीवन’ आणि ‘जाळे’ यांतले दोन वेगळे ‘ज’ सहज उच्चारणाऱ्या जिभेला हे अवघड नाही. शब्दाचा शेवट न गिळणे, वाक्य अर्थानुसार तोडून बोलणे आणि घाई न करणे एवढे साधले की निम्मी लढाई जिंकली. उरलेला मराठी किंवा भिली हेल राहिला तर राहू द्यावा. माणूस कोठला आहे हे त्याच्या बोलण्यातून कळले, तर त्यात लाज कसली?

उरतो आत्मविश्वास. तो भाषणांनी येत नाही, सरावाने येतो. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन, ऐकलेले वाक्य त्याच जोराने पुन्हा म्हणणे, आपलाच आवाज मोबाइलवर मुद्रित करून ऐकणे या गोष्टींना पैसा लागत नाही. विषय मात्र मुलाच्या जगातले हवेत. आगगाडी न पाहिलेल्या मुलाला रेल्वे स्थानकावरील संवाद पाठ करायला लावण्यापेक्षा मोहफुले कशी वेचतात, काठीची राजवाडी होळी कशी साजरी होते, आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर कसे होते, हे आधी भिलीत, मग मराठीत आणि मग इंग्रजीत सांगायला लावावे. जे सांगायचे आहे त्यावर हुकमत असली की भाषेची भीती निम्म्याने कमी होते. शिक्षकाने वाक्य मध्येच तोडू नये, चूक नंतर शांतपणे दाखवावी. घटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे. मातृभाषेचा पाया भक्कम असेल, तर त्यावर इंग्रजीचा मजला सुखाने चढवता येतो.

मात्र सगळा भार मोलगीच्या मुलावर टाकून मध्यमवर्गाला मोकळे होता येणार नाही. वर्गात हसणारी मुले याच सुशिक्षित घरांतली असतात. दिवाणखान्यात पाहुण्याच्या उच्चारावर डोळे मिचकावले जातात, ते मुले पाहतात आणि शिकतात. १८८० साली चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात शाळा काढली, तिचे नावच न्यू इंग्लिश स्कूल. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत निघाला. टिळकांनी ‘ओरायन’ इंग्रजीत लिहिले ते जगातल्या विद्वानांना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी, साहेबासारखे दिसण्यासाठी नव्हे. त्या पिढीने इंग्रजीला कामाला लावले. पुढच्या पिढ्यांनी तिला प्रतिष्ठेचे बिरुद केले आणि आपल्याच बांधवांना हीन लेखण्याचे साधन बनवले. परकी सत्ता गेली, पण हा न्यूनगंड मागे राहिला.

मार्ग अशक्य नाही. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत डॉक्टर झाले, प्रशासकीय सेवेत गेले आणि नंदुरबारचेच जिल्हाधिकारी म्हणून परतले. अशी उदाहरणे अपवाद राहू नयेत, यासाठी समाजाने काय करायचे हा प्रश्न आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांनी एखाद्या आश्रमशाळेत आठवडाभर मुलांशी फक्त बोलावे, त्यांचे ऐकावे, चार शब्द भिलीचेही शिकावेत. शहरातल्या घराने गावाकडून आलेल्या एका विद्यार्थ्याला तरी रविवारी जेवायला बोलवावे आणि चुकतमाकत बोलू द्यावे.

मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या इथलीच एखादी मुलगी परिचारिका म्हणून उभी राहील. औषधाच्या बाटलीवरची अक्षरे इंग्रजी असतील, वरिष्ठांशी बोलणे मराठी-इंग्रजीत होईल आणि खाटेजवळ बसलेली माता भिलीतून विचारील, बाळ वाचेल ना? त्या वेळी त्या परिचारिकेला दोन्ही टोकांच्या भाषा स्पष्ट बोलता आल्या पाहिजेत. तिची इंग्रजी लंडनसारखी नसली तरी चालेल. वेळेवर विचारलेला तिचा प्रश्न डॉक्टरांना नीट कळावा आणि तो विचारताना तिची मान खाली जाऊ नये, एवढे पुरेसे आहे.