किल्ला कधी येणार?

नाताळच्या सुट्टीत धाकटा भाऊ माझा मोबाइल घेऊन बसला होता. जाहिरातीत किल्ला बांधून शत्रूला अडवायचं होतं, म्हणून त्याने तो गेम उतरवून घेतला. अर्ध्या तासाने विचारतो, "ताई, किल्ला कधी येणार?" किल्ला आलाच नाही, नुसते रंगीत ठोकळे जुळवणं चाललं होतं. मम्मी म्हणाली, "फुकटच होता ना? मग तक्रार कसली?"

मला हे पटत नाही. फुकट गेमची किंमत आपण वेळ, डेटा आणि मधल्या जाहिराती बघून मोजतोच. पुढे 'फक्त एवढ्या रुपयांत' म्हणत खिशातही हात जातो.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये हाच प्रश्न आला होता. 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या गेमच्या जाहिरातींत पिना योग्य क्रमाने ओढायचं कोडं दाखवलं होतं. प्रत्यक्ष खेळ मुख्यतः एकसारख्या वस्तू जुळवण्याचा. 'सगळी दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत' अशी ओळ जाहिरातीत होती, आणि ती कोडी खेळात कुठेतरी आहेत, असंही कंपनीचं म्हणणं होतं. तरी तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

निर्णय बरोबरच होता. डोळ्यांना जे दाखवलं ते एका ओळीने पुसलं जात नाही. आपल्याकडच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: दिशाभूल करणारा दावा डिस्क्लेमर टाकून दुरुस्त करता येत नाही.

कुणी म्हणेल, साहित्य शिकणाऱ्यांनी कल्पनेवर चिडावं? पण कल्पित आणि खोटं यात फरक आहे. कादंबरी हातात घेताना ती कल्पित आहे हे वाचकाला ठाऊक असतं. मुखपृष्ठावर रहस्यकथा आणि आत पाककृती निघाल्या, तर त्याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत.

'ग्राहकाच्या अपेक्षाच फार,' असंही ऐकू येतं. अहो, अपेक्षा निर्माण करण्यासाठीच तर जाहिरात केली ना?

तेव्हा फसलो म्हणून लाजू नका. स्क्रीनशॉट ठेवा, प्रामाणिक रिव्ह्यू लिहा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. माझा भाऊ आता नवी जाहिरात दिसली की म्हणतो, "खोटं असेल." दहा वर्षांच्या मुलाने इतक्या लवकर हे शिकावं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.