दात्यांचे समाधान आणि मुलांची अब्रू

शाळेवरून मन उडालेल्या, घरच्या रोजच्या कलहाने सैरभैर झालेल्या मुलाला आठवड्यातून एकदा आपुलकीने भेटणारा एखादा वडीलधारा स्नेही मिळाला, तर त्याचे वाकडे पडू पाहणारे पाऊल सावरते. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयात काम करणाऱ्या अर्नेस्ट कोल्टर यांनी तेथे येणाऱ्या पोरांची दशा पाहून १९०४ साली अशा ‘थोरल्या भावां’ची चळवळ सुरू केली. आपल्याकडेही सेवाभावी संस्था हे कार्य निष्ठेने करीत आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या वार्षिक अहवालांविषयी.

अहवालात मुलाचे नाव बदललेले असते. परंतु ‘पेडणे तालुक्यातील अमुक गावचा, मासे विकणाऱ्या विधवेचा धाकटा मुलगा, नववीत दोनदा नापास, पूर्वी चोरीच्या नादाला लागलेला’ एवढे छापल्यावर नाव गाळून काय साधले? मुंबईसारख्या महानगरात ते कदाचित खपून जाईल. गोव्यात दोन अनोळखी माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘तूं खंयचो?’ हा असतो आणि तिसऱ्या प्रश्नाला नाते निघते. येथे वाडा सांगितला की घर कळते. मुलगा पुढे कितीही सुधारला, तरी नोकरीच्या वेळी, सोयरिकीच्या वेळी तो अहवाल त्याच्या आधी तेथे पोहोचलेला असतो.

कायद्याने हा धोका ओळखला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ चौकशी, तपास वा न्यायालयीन कामकाजात सापडलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करावयाची नाही. पोलिसांचे तोंड जेथे कायद्याने बांधले, तेथे परोपकाराला मोकळीक कशी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यास पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. मात्र हा कायदा संगणकावरील माहितीपुरता आहे; मार्गदर्शकाच्या पिशवीतील वही, जोपर्यंत ती संगणकात उतरत नाही, तोपर्यंत त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

शिवाय पालकांची संमती म्हणजे तरी काय? ज्या संस्थेने मुलाची फी भरली, तिने पुढे केलेल्या कागदावर सही करायला कोणती माता नकार देईल? आणि मुलाचे दुःख घरातूनच उद्भवलेले असेल, तर बापाची सही त्याचे कोणते रक्षण करणार? मुलाला स्वतंत्रपणे विचारले पाहिजे आणि त्याने ‘नको’ म्हटले म्हणून त्याची मदत रोखता कामा नये.

गुप्ततेलाही मर्यादा आहे. ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे वचन मार्गदर्शकाने देऊ नये, कारण ते त्याला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. हे पहिल्याच भेटीत सांगावे. त्यामुळे एखादा मुलगा कमी बोलेल. पण विश्वास टाकून मग फसविले गेल्याची भावना त्याच्या मनात राहणार नाही. उरलेले सारे, म्हणजे कोण दारू पितो, कोण कर्जात बुडाला, कोण रात्री रडतो, हे मोबाईलवरील स्वयंसेवकांच्या गटात चर्चेला ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही.

यात वृत्तपत्रेही निर्दोष नाहीत. धनादेश देणारा पाहुणा मध्यभागी, संस्थेचे अध्यक्ष बाजूला आणि पुढे खाली मान घालून उभी असलेली मुले, अशी छायाचित्रे आमच्याकडे नित्य येतात आणि आम्ही ती छापतही आलो. यापुढे अशा समारंभांतील मुलांचे चेहरे, गाव वा शाळा या दैनिकात प्रसिद्ध होणार नाही. पाहुण्यांचे छायाचित्र हवे असल्यास संस्थांनी ते एकट्याचे पाठवावे. जागा असेल तसे छापू.